सांध्यावरची विद्या



विद्यापीठे आणि उद्योग यांच्या सहकार्यावर चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. यंत्रशास्त्रातील अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्या शास्त्रास प्रणाली-अभियांत्रिकी म्हणतात, त्याचे मर्म सीमाभागातील माणसास फार समजावून सांगावे लागणार नाही. यंत्राचा एकेक भाग आपल्या जागी निर्दोष असला, तरी दोन भाग जेथे भेटतात तेथील ठराव अपुरा राहिला की सारे यंत्र अडते. या सांध्यांची व्यवस्था लावणे, हे त्या शास्त्राचे काम. रेघ चुकीच्या जागी पडली म्हणजे दोन्हीकडच्या धडधाकट माणसांची कशी कुचंबणा होते, हे १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण भोगीत आहो.

हे शास्त्र मुळात ग्रंथालयात जन्मलेले नव्हे. टेलिफोनचे अफाट जाळे उभारताना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनी त्यास आकार दिला, आणि तेथील त्या विभागाचे प्रमुख गिलमन यांनी १९५० साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत तो विषय शिकविला. उद्योगातला माणूस वर्गात जाऊन उभा राहिला, तेव्हा ही विद्या विद्यापीठात आली.

पुढे १९६१ साली चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या दिशादर्शक संगणकाचे काम याच संस्थेच्या प्रयोगशाळेकडे आले. आखणी प्राध्यापक-संशोधकांची आणि उत्पादन रेथिऑन या कारखान्याचे, अशी वाटणी झाली. त्या संगणकाची कायम स्मृती अक्षरशः विणलेली होती. तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य! हे विणकाम कारखान्यातील स्त्रियांनी हातांनी केले. शहापूर-वडगावच्या विणकरांस हे ऐकून नवल वाटेल, आणि अभिमानही वाटावा. एकदा विणले की बदलणे महाकठीण. म्हणून विद्वानांना आपली आज्ञावली मुदतीत पक्की करावी लागे. कारखान्याने प्रयोगशाळेस शिस्त लावली ती अशी.

तरीही २० जुलै १९६९ रोजी, चंद्रावर उतरता उतरता, तो संगणक धोक्याचे इशारे देऊ लागला. कारण काय निघाले? रडारचा एक भाग आणि संगणक यांना होणारे दोन विद्युत्पुरवठे एकाच गतीचे असावेत, असे करारपत्रात लिहिले होते. त्यांची आवर्तने एकमेकांशी जुळलेली असावीत, असे लिहिले नव्हते. त्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे संगणकावर निष्कारण कामाचा भार पडला. यान वाचले, कारण महत्त्वाचे काम आधी करावे व दुय्यम काम टाकून द्यावे, अशी योजना संशोधकांनी आधीच करून ठेवली होती. दोष सांध्यात होता, आणि तारणही सांध्याचा विचार करणाऱ्यांनीच केले.

आता आपल्या घरी या. उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, यंत्रशाळा आहेत. तेथेच गोगटे तंत्रविद्या महाविद्यालय १९७९ पासून आहे. विश्वेश्वरय्या तंत्रविद्या विद्यापीठाचे मुख्य ठाणे १९९८ पासून याच शहरात आहे. विद्या आणि भट्टी यांच्यात अंतर आहे ते कोसांचे नव्हे. ओतलेल्या लोखंडाच्या पोटातील ब्लोहोल लेथवर कास्टिंग चढेपर्यंत दिसत नाही. मग पॅटर्नवाला वाळूस दोष देतो, वाळूवाला भट्टीस देतो, आणि यंत्रशाळा सर्वांस देते. हा प्रश्न कोणा एकाचा नाही, म्हणूनच तो कोणीच सोडवीत नाही. प्रणाली-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास याहून चांगला धडा कोणते पुस्तक देणार?

आणि हे आपल्या परंपरेस परके आहे काय? मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर अध्यापन सोडून याच बेळगावात कारखानदार झाले. लोखंडी नांगराने जमीन नासते, या शेतकऱ्याच्या समजुतीशी त्यांना झगडावे लागले. नांगर, माती आणि माणसाचे मन, या तिन्हींचा मेळ त्यांनी घातला. शहराच्या वाढीसाठी त्यांना जागा सोडावी लागली आणि १९१० साली तो उद्योग कुंडलच्या माळावर, औंध संस्थानात गेला. बेळगावाने काय गमावले, हे किर्लोस्करवाडी पाहिली म्हणजे कळते.

म्हणून आम्ही तीन मागण्या मांडतो. पहिली : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून विकत न आणता कारखान्यातील खऱ्या अडचणीवर व्हावा, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने महिनोन् महिने भट्टीजवळ उभे राहावे. दुसरी : पदवी नसलेल्या पण हात बसलेल्या कारागिरास वर्गात सन्मानाने बोलवावे व त्यास मानधन द्यावे. तिसरी : संशोधनाचा निष्कर्ष कामगाराच्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत व कानडीतही, लिहिला जावा. जे कामगारास वाचता येत नाही, ते भट्टीपर्यंत पोहोचत नाही.

कारखानदार म्हणेल, आमची गुपिते फुटतील. प्राध्यापक म्हणेल, आम्हांस प्रसिद्धी हवी. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. उत्तर एकच : काय गुप्त राहील, काय छापले जाईल, फळ कोणाचे, हे आरंभीच स्पष्ट लिहून घ्यावे. न लिहिलेल्या ओळीची किंमत काय असते, ती आपण चंद्रावर पाहिली.

सीमेचा खटला २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढा आम्ही सोडणार नाही. परंतु निकाल येईल त्या दिवशी आपली मुले पुण्या-बंगळुरूस पांगलेली असतील आणि भट्ट्या थंडावल्या असतील, तर महाराष्ट्रात आपण काय घेऊन जाणार? कारखानदारांनो, उद्या सकाळी आपले दार एका विद्यार्थ्यास उघडा. अध्यापकहो, त्याच्याबरोबर आपणही जा. या कामास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.

जय महाराष्ट्र!