औषधाची पारख आणि उपचार बदलणारा रोगी

भातकुलीकडील काळ्या रानात एखाद्या शेतकऱ्याने पऱ्हाटीचे दोन सारखे तुकडे पाडले, एकावर बोंडअळीचे नवे औषध फवारले व दुसरा तसाच सोडला, अशी कल्पना करावी. भाद्रपदात दुसऱ्या तुकड्यात अळी माजली. डोळ्यांदेखत पीक जाऊ देणे त्याच्या जिवावर आले. त्याने तेथेही तेच औषध मारले. वेचणीस दोन्हीकडे कापूस जवळजवळ सारखाच भरला. मग औषध निरुपयोगी ठरले काय? मुळीच नाही. तुलनेचा तुकडा तुलनेस उरला नाही, इतकेच.

माणसांवरील औषधांच्या परीक्षेत हाच पेच पडतो. वय, बळ व रोगाचा जोर यांची वाटणी सारखी व्हावी म्हणून रोग्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडतात. पुढे जुन्या उपचारावरील रोग्याचा आजार बळावला, की त्यास नवे औषध द्यावे लागते. मरणाच्या दारी असलेल्यास हिशेबासाठी अडवून धरणे हा अधर्मच होय. परंतु त्यामुळे औषधाचा गुण झाकला जातो.

उपचार बदललेल्यांची नावे खोडावीत, ही युक्ती सहज सुचते. पण ती फसवी आहे. असे रोगी बहुधा अधिक खालावलेले असतात. त्यांना वगळले की मागे उरलेला गट उगाच धडधाकट दिसतो. नियमाने औषध घेणारेच तेवढे मोजणेही तसेच. अमेरिकेतील हृदयविकारावरील एका मोठ्या परीक्षेचा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तीत औषधाचा अंशही नसलेल्या गोळ्या नियमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत शेकडा सुमारे १५ दगावले. त्याच गोळ्या चुकविणाऱ्यांपैकी सुमारे २८. फरक गोळीत नव्हता, माणसांत होता.

यास्तव पहिला नियम असा की, चिठ्ठीने ज्या गटात नाव पडले, त्याच गटात ते अखेरपर्यंत मोजावे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी अशीच पारखली गेली. १,३१,७४६ स्त्रियांचे, गावांच्या समूहांप्रमाणे, चार गट केले होते. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीसाठी नेमलेल्या ३४,१२६ जणींपैकी कित्येक आल्याच नाहीत. तरी त्यांची गणना त्याच गटात झाली. आठ वर्षांत या कर्करोगाने त्या गटात ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या व्यवस्थेतील ३१,४८८ जणींत ६४. न आलेल्यांना धरूनही लाभ दिसला, म्हणून तो भरवशाचा.

तथापि कोणीच उपचार बदलला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न निराळाच. त्यासाठी १९९१ मध्ये रॉबिन्स व त्सियाटिस यांनी एक रीत मांडली. नव्या औषधाने आयुष्य किती पटीने लांबते हे अजमावून, उपचार बदललेल्यांच्या वाट्याला आलेला तेवढा वाढीव काळ हिशेबातून वजा करावयाचा. मात्र औषध आरंभी घेतले काय आणि उशिरा घेतले काय, त्याचा गुण सारखाच, हे तीत गृहीत धरलेले असते. ते खोटे ठरल्यास उत्तरही डळमळते.

म्हणून दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवावीत, आणि उपचार कोणत्या दिवशी व कशासाठी बदलला याची नोंद काटेकोर असावी. शेतकऱ्याने दुसऱ्या तुकड्यावर औषध मारले, ही त्याची चूक नव्हे. फवारणीचा दिवस वहीत न टिपणे, ही मात्र चूक ठरली असती.