अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या तासाला काय मिळेल?

(विहाराच्या वर्धापनदिनी दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्कार झाला, गुलाबपुष्प मिळाले, फोटोही निघाले. आता पुढच्या दोन वर्षांचे बोलू. मघाशी मागच्या रांगेत दोघे जण कुजबुजत होते, ते आमच्या कानावर आले. "सायन्स नको रे बाबा, तिथं सगळं इंग्रजीत असतं. आपण आर्ट्सला जाऊ, म्हणजे सुटलो." मित्रांनो, सुटला नाहीत! शाखा कोणतीही घ्या, अकरावी-बारावीला इंग्रजी हा विषय आहेच. तेव्हा त्याच्या भीतीपोटी शाखा बदलू नका. त्या तासाला काय घडते ते आधी समजून घ्या. आम्ही हा विषय शिकवणारी माणसे आहोत, म्हणून दोन शब्द सांगतो.

आधी हिशोब सांगतो. २०२० साली आलेल्या बारावीच्या 'युवकभारती' पुस्तकाप्रमाणे १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० तोंडी. लेखीत गद्याच्या विभागाला ३४, कवितेला १४, लेखनकौशल्याला १६ आणि कादंबरीला १६. अकरावीला कादंबरीच्या जागी नाटक. गद्याच्या विभागात एक उतारा पुस्तकाबाहेरचा असतो. म्हणजे तुम्ही तो कधी पाहिलेलाच नसतो. तिथे गाईड कामाला येत नाही.

आणि इथेच आम्हाला आमची चूक कबूल करायची आहे. कितीतरी वर्षे आम्ही फळ्यावर उत्तरे लिहून दिली आणि पोरांनी ती उतरवून घेतली. एका वर्षी एका मुलीने चाचणीत आमचे उत्तर स्वल्पविरामासकट लिहिले. आम्ही खूश झालो, पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे तोंडी परीक्षेला तिला सहज विचारले, "या गोष्टीतल्या माणसाच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" ती गप्प. मग डोळ्यांत पाणी. म्हणाली, "सर, हे तुम्ही लिहून दिलं नव्हतं."

त्या दिवशी नापास ती झाली नाही, आम्ही झालो. तिला दोन वर्षे आमची वाक्ये दिली, तिचे एक वाक्य तिच्याकडून काढून घेतले नाही. तेव्हापासून आम्ही उत्तरे लिहून देणे बंद केले.

मग आता तासाला काय होते? आर. के. नारायण यांची एका ज्योतिष्याची गोष्ट बारावीच्या पुस्तकात आहे. समोर आलेल्या अनोळखी माणसाला तो ज्योतिषी त्याचा सगळा भूतकाळ सांगतो. आम्ही विचारतो, "त्याला हे कसं कळलं?" कोणी म्हणते विद्या, कोणी म्हणते नशीब. आम्ही म्हणतो, "पुस्तकात बोट ठेवून दाखवा." मग कोणाला तरी ती जागा सापडते. तो माणूस चिरूट पेटवतो, काडीच्या उजेडात ज्योतिष्याला त्याचा चेहरा दिसतो आणि ज्योतिषी एकदम अस्वस्थ होतो. बघा, चमत्कार नाही, जुनी ओळख आहे! आपले म्हणणे मजकुरातून सिद्ध करून दाखवणे, या वर्गाचे निम्मे काम तेच आहे.

कवितेचेही तसेच. दिलीप चित्रे हे आपले मराठीतले कवी. त्यांची एक इंग्रजी कविता पुस्तकात आहे. रात्री उशिरा लोकलने घरी येणारा थकलेला बाप आणि त्याच्याशी न बोलणारी मुले. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी हा बाप रोज येतो. मग त्या कवितेवर बोलायला तुम्हाला शब्द कमी पडतील, पण अनुभव कमी पडणार नाही. आधी मराठीत सांगा, आमची हरकत नाही. मग तेच चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहा. वही लाल शाईने भरून परत येईल. ती लाल शाई अपमान नव्हे. तुमचे लिहिणे कोणीतरी नीट वाचले, एवढाच तिचा अर्थ.

कादंबरीच्या विभागात ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' मधला भाग आहे. मूळ पुस्तक १९५९ चे. शिकलेला, विमानदलात नोकरी केलेला काळा माणूस लंडनमध्ये काम शोधतो. पात्रता असूनही कातडीच्या रंगामुळे त्याला परत पाठवतात. शेवटी तो शिक्षक होतो. हे वाचताना आपल्या वस्तीतल्या पोरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लेखनात एक प्रश्न असतो, एकाच विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचा. याचा धडा कुठे घ्याल? बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली इंग्रजीत छापले. गांधीजींनी त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका लपवली नाही. ती छापली आणि शेजारी आपले उत्तर छापले. समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण मांडायचे, मग खोडायचे. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या खंडात हे सगळे आहे. एकदम झेपणार नाही, रोज एक परिच्छेद वाचा.

काय अपेक्षा ठेवू नये तेही सांगतो. दोन वर्षांत साहेबासारखे उच्चार होतील, ही आशा नको, त्याची गरजही नाही. पहिल्या महिन्यात सगळे समजेल असेही नाही. चुकाल, कोणी हसेलही. तरी हात वर करा. शब्दकोश जवळ ठेवा आणि दररोज दहा मिनिटे मोठ्याने वाचा.

पालकांना एकच विनंती. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. रोज रात्री पोराला विचारा, "आज काय वाचलंस? मला मराठीत सांग." ज्याला ते आईला सांगता आले, त्याला ते पेपरातही लिहिता येईल.

आणि मागच्या रांगेतल्या त्या दोघांनो, शाखा आवडीने निवडा, भीतीने नको. जी निवडाल तिथे इंग्रजीच्या तासाला पहिल्या बाकावर बसा. शिक्षकांनी उत्तर लिहून दिले तर ते जरूर वाचा, पण खाली एक वाक्य स्वतःचे लिहा. चुकीचे असले तरी ते तुमचे असेल. सुरुवात तिथूनच होते.