धोटा, पाणी आणि माणूसपण
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'माणसाची प्रतिष्ठा' हा विषय दिला आहे. राज्यघटनेच्या उद्देशिकेतले 'व्यक्तीची प्रतिष्ठा' हे शब्द आपल्या मुलांनाही पाठ आहेत. पण मी सुरुवात करणार आहे ती आपल्या परळ-लालबागच्या गिरणीपासून.

इथल्या गिरण्यांत आपली माणसे पुष्कळ होती. पण साचेखात्यात, म्हणजे विणाईत, त्यांना मज्जाव होता. पगार तिथेच जास्त! कारण काय, तर नवी कांडी भरली की तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे अस्पृश्याचे हात गिरणीला चालत होते, तोंड चालत नव्हते. वीतभर लाकडाने आपल्या आज्या-पणज्यांची भाकरी अडवली. त्या वेळी बाबासाहेब परळच्याच बी. आय. टी. चाळीत राहत होते. १९२८ च्या मोठ्या संपात त्यांनी युनियनला ठणकावून विचारले, आमच्या कामगारांच्या हक्काचे काय? तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी घेतली गेली. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. तळे काय, धोटा काय, प्रश्न एकच होता : आम्ही माणूस आहोत की नाही?

आता कोणी म्हणेल, आपल्या देशात तत्त्वज्ञानाला काय तोटा? सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म आहे, हे तर फार जुने. असेल. पण ते ब्रह्म धोट्यापाशी येऊन अडले, त्याचे काय करायचे?

हे फक्त आपल्याकडेच घडले असे समजू नका. आफ्रिकेत नायजेरिया देशाच्या आग्नेय भागात इग्बो नावाचा मोठा समाज आहे. त्यांच्या भाषेत माणसाला 'मादू' म्हणतात. 'सौंदर्य असो' असा त्याचा अर्थ तिकडचे अनेक जण लावतात. प्रत्येकाबरोबर त्याचा स्वतःचा 'ची', म्हणजे त्याचे दैवी तत्त्व, जन्माला येते असे ते मानतात. किती सुंदर विचार! पण त्याच समाजात 'ओसू' होते. देवाला वाहिलेली माणसे आणि त्यांचे वंशज. त्यांची वस्ती वेगळी, त्यांच्याशी सोयरीक नाही. ओसू प्रथा कायद्याने बंद झाली ती १९५६ साली. बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्मदीक्षा दिली, तेच हे वर्ष.

कायदा झाला, पण सोयरीक? चिनुआ अचेबे या इग्बो लेखकाची १९६० सालची एक कादंबरी आहे, 'नो लाँगर अ‍ॅट ईज'. विलायतेत शिकून आलेला तरुण ओसू मुलीशी लग्न करू पाहतो. घरची मंडळी ख्रिस्ती, बाप तर धर्मप्रचारक. तरी घरातून नकारच.

भगवान बुद्धांनी आत्मा मानला नाही, आणि माणसाला जन्मावरून तोललेही नाही. उपाली न्हाव्याची कथा आठवा. शाक्य राजपुत्र त्याच्यासोबत प्रव्रज्या घ्यायला आले आणि म्हणाले, याला आधी द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा उतरेल. नुसता विचार पटून भागले नाही, मान वाकवावी लागली.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे स्थळ आले की पहिला प्रश्न काय असतो? मुलगी कोकणातली की घाटावरची? पोटजात कुठली? हे विचारणारी माणसे रोज त्रिशरण-पंचशील म्हणणारी असतात. मातंग किंवा चर्मकार समाजातला मुलगा धम्म स्वीकारून आला तर त्याला विहारात पुढची सतरंजी मिळते, पण घरी बोलणी होत नाहीत. ज्या घरांत झाली, त्या सुना-जावयांना कधी निवांत विचारून पाहा. माझी समितीला एकच विनंती आहे. वधू-वरांची नोंद ठेवाल तेव्हा पोटजातीचा रकाना छापू नका, आणि पहिली नोंद पदाधिकाऱ्यांनी आपल्या घरातली करावी.

जयभीम! नमो बुद्धाय!