पंधरा दिवसांची रजा आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ
(मंडल शाखेच्या वार्षिक सभेतील भाषण)



महागाई भत्ता, बढती, क्वार्टर यांवर आपण प्रत्येक सभेत बोलतो. आज आम्ही त्या बापाविषयी बोलणार आहोत, जो रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट इस्पितळात जातो, कारण त्याचे मूल तिथे काचेच्या पेटीत आहे.

३७ आठवड्यांआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. तिसाव्या आठवड्यात जन्मले तर दीड-दोन महिने इस्पितळात राहावे लागते. आणि बापाला रजा किती? पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९७ पासून मिळालेले १५ दिवस, तेही दोनपेक्षा कमी हयात मुले असतील तरच. बाळंतीण अजून टाक्यांतून सावरलेली नसते. औषधे, सह्या, आईचे दूध वर पोचवणे, सारे त्याच्याच गळ्यात. ही रजा जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत घेता येते, नंतर बुडते. म्हणून घाईने संपवू नका. मूल घरी आल्यावरही माणूस लागतो.

पेटीबाहेर नुसते उभे राहणे एवढेच बापाचे काम नव्हे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी मूल उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायला सुरुवात केली. हे बापालाही करता येते. रूळ उचलणारे आमचे गडी दीड किलोच्या पोराला हात लावायला मात्र बिचकतात! नर्सबाईंना विचारा, त्या शिकवतील. आणखी एक, ३४ आठवड्यांच्या आतले किंवा दोन किलोखालचे मूल असेल तर महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्याच. उशीर झाला तर दृष्टी जाते.

आता शाखेचे काम. ड्युटी लावणाऱ्यांनी अशा साथीला दिवसपाळी द्यावी, इतरांनी अदलाबदल करावी. आठवडाभर न झोपलेला पॉइंट्समन कामावर उभा करणे हा गाडीच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. डाक विभागातील रात्रीच्या सॉर्टिंगवाल्यांनाही हेच लागू.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अशा आईबापांना १२ आठवड्यांपर्यंत वेगळी रजा आहे. आपली मागणी साधी आहे: मूल जितके दिवस अतिदक्षता विभागात, तितके दिवस बापाला जादा पगारी रजा. तसा ठराव आम्ही मांडत आहोत. अनुमोदकांनी नावे द्यावीत.