अपुऱ्या दिवसांचं मूल अंगावर पिऊ लागतं तेव्हा



सातव्या महिन्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, अशी एक समजूत आपल्या खेडोपाडी अजून ऐकू येते. तिला काही आधार नाही. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचं मूल म्हणतात. २०२० साली आपल्या देशात अशी सुमारे ३० लाख मुलं जन्मली. चांगली शुश्रूषा मिळाली तर यांतली पुष्कळ मुलं जगतात आणि घरी येतात. घरी आल्यावर मात्र एक प्रश्न उभा राहतो. दवाखान्यात आईचं काढलेलं दूध बाटलीनं पिणाऱ्या या मुलाला अंगावर प्यायला कसं लावायचं? आज त्याविषयीच आपल्याशी बोलायचं आहे.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. पण माझ्या पुतणीला एकतिसाव्या आठवड्यात मूल झालं, आणि हा प्रश्न आमच्या घरातच येऊन बसला. बाळ छातीशी धरलं की दोन-चारदा ओठ हलवी आणि झोपी जाई. बाटली मात्र घटाघटा रिकामी करी. मग घरात बोलणी सुरू झाली. कुणी म्हणे, "हिच्या अंगावर दूधच नाही." शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाटली लपवून ठेवा, भूक लागली की आपसूक पिईल." दवाखान्यातल्या परिचारिकेनं हा उपाय ऐकला आणि ती म्हणाली, "असं चुकूनही करू नका. हे मूल भुकेनं रडत नाही, ते निजतं." या लहानशा जिवाच्या अंगात शिल्लक फार थोडी असते. उपाशी राहिलं तर ते मलूल होतं, रक्तातली साखर उतरते, आणि आपल्याला वाटतं, बाळ शांत झोपलंय!

मग अडतं कुठं? चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ बाळाला साधावा लागतो. हा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो, आणि पक्का व्हायला आणखी दिवस लागतात. शिवाय बाटलीतलं दूध चटकन तोंडात येतं. अंगावरचं दूध थोडं चोखल्यावर, पान्हा फुटल्यावर येतं. तेवढी वाट पाहण्याचं बळ या बाळात अजून नसतं. दोष ना आईचा, ना बाळाचा. हे शिकणं आहे, आणि शिकण्याला पायऱ्या असतात. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे सांगायला नको. पहिलीतलं मूल आधी अक्षर गिरवतं, मगच लिहितं.

पहिली पायरी आईची : दूध टिकवायचं. स्तन जितके रिकामे होतील तितकं नवं दूध तयार होतं. म्हणून बाळ ओढत नसेल तोवर दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा, हातानं किंवा पंपानं, दूध काढत राहावं. रात्रीची पाळी चुकवू नये. सुरुवातीचा चीक चमचाभरच निघाला तरी टाकू नये. तो या बाळाला औषधासारखा असतो. या दिवसांत बाळंतिणीला वेळेवर गरम जेवण आणि दोन घटका झोप मिळवून देणं, हे घरातल्या पुरुषांचंही काम आहे.

दुसरी पायरी उबेची. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉक्टर एडगर रे यांनी एक साधी रीत सुरू केली. त्यांच्या रुग्णालयात उबेच्या काचपेट्या पुरत नव्हत्या. त्यांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, उभी बांधून ठेवायला सांगितली. यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला ऊब मिळते, आईच्या दुधाला चालना मिळते, आणि छाती ही आपली जागा आहे हे बाळाला उमगतं. आई थकली तर बाप किंवा आजीही बाळाला असं धरू शकते.

तिसरी पायरी गिरवण्याची. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी दूध काढून घ्यावं आणि मग बाळाला त्या रित्या स्तनाशी धरावं. ते चाटेल, चोखेल, थांबेल. त्या वेळी पोट भरायचं नसतं, नुसती ओळख व्हायची असते. ओळख झाली की दिवसातली एखादी वेळ निवडावी. बाळ जागं आहे, तोंड उघडून शोधतंय, मूठ तोंडाशी नेतंय, ती वेळ योग्य. रडू लागेपर्यंत थांबू नये. मान आणि खांदे तळहातानं सावरावेत, दुधाचे दोन थेंब ओठांवर पिळावेत, चोखणं मंदावलं की स्तन हलकेच दाबावा. दहा मिनिटांत बाळ दमून निजलं तर पोट भरलं असं समजू नये. उरलेलं दूध काढून वाटीनं किंवा बोंडल्यानं पाजावं. बाटलीच चालू असेल तर बाळाला जवळजवळ उभं धरून, मध्ये मध्ये थांबत, सावकाश पाजावं.

चौथी पायरी वजाबाकीची. अंगावर पिताना गिळल्याचा आवाज येतो का, दिवसातून सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का, आणि दर आठवड्याला वजन वाढतं का, हे पाहावं. तिन्हींचं उत्तर होय असेल तर डॉक्टरांना विचारून वरचं दूध थोडं थोडं कमी करावं. घाई केली तर बाळ उपाशी राहतं. काढणं सोडलं तर दूध आटतं. म्हणून दोन्ही धरून चालायचं. आमच्या बाळाला पाच आठवडे लागले. कुणाला कमी लागतील, कुणाला जास्त. एखादं मूल पुरतं अंगावर येतही नाही. तरी काढलेलं दूध हेही आईचंच दूध असतं, हे विसरू नये.

बाळ निळसर दिसलं, अंगाला गार लागलं, धाप लागली, किंवा उठवूनही पिईना, तर घरी प्रयोग करत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

अशा वेळी गावातली बाईच मोठा आधार ठरू शकते. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ऊब, आईचं दूध आणि वेळेवर उपचार यांच्या बळावर तिथले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई घरी येतात, बाळाचं वजन करतात. त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवू नका; बाळ पाजताना शेजारी बसवून घ्या.

आणि शिक्षकहो, गावात आपल्या शब्दाला वजन आहे. पालकसभेत, ओट्यावर, जिथं विषय निघेल तिथं एवढं सांगा : "हिच्या अंगावर दूध नाही" हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर घालू नका. बाळानं आज दोन घोट घेतले असतील, तर त्या दोन घोटांबद्दल तिला शाबासकी द्या.