शिट्टी, स्कार्फ आणि मोजणी

शनिवारी सकाळची शाळा सुटली, मुले घरोघर गेली, की आमच्या नांदेडात कुठल्या ना कुठल्या शाळेच्या शिक्षक-खोलीत पाच-सहा स्काउट मास्तर आणि गाइड कॅप्टन चहाला जमतात. मी पेशाने महाविद्यालयातला अधिव्याख्याता, विषय इतिहास. पण मोठ्या मुलांचे, म्हणजे रोव्हरांचे, पथक माझ्याकडे असल्यामुळे त्या बैठकीत मलाही एक खुर्ची मिळते.

तिथे काय बोलणे चालते म्हणून विचाराल, तर गेली कित्येक वर्षे विषय दोनच आहेत. पहिला गणवेशाचा आणि दुसरा नदीचा. आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, आम्ही त्यांना मोठे सर म्हणतो. ते म्हणतात, "टोपी नाही, मोजे नाहीत, पट्टा नाही. मग स्काउट ओळखायचा कशावरून?" त्यावर एक तरुण गाइड कॅप्टन बाई म्हणतात, "सर, कामावरून ओळखायचा. कपड्याचं काय घेऊन बसलात?" हा वाद संपत आला की कुणीतरी शिबिराचा विषय काढतो. मुलांना नदीवर न्यावे की नेऊ नये? "नकोच ती जोखीम. काही झालं तर आपण आयुष्यातून उठू," असे निम्मे म्हणतात. चहा निवतो, वाद तसाच राहतो. आज तो वाद तुमच्यापुढे मांडावा म्हणतो, कारण ज्या मुलांसाठी तो चालतो ती तुमची मुले आहेत.

प्रथम गणवेशाचे पाहू. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरविले. त्यात काही मुले मोठमोठ्या खर्चिक शाळांतील होती आणि काही कामकरी घरांतली. ती मुद्दामच एकत्र आणली होती. गंमत अशी, की जगातल्या या पहिल्या स्काउट शिबिरात पुरा गणवेश कुणालाच नव्हता! खाकी स्कार्फ होता, छातीवर एक पितळी बिल्ला होता, आणि आपण कोणत्या संघाचे हे कळावे म्हणून खांद्यावर रंगीत लोकरीचा गोंडा होता. बाकीचे कपडे ज्याचे त्याचे. पुरा गणवेश पुढे आला. सरदाराचे पोर कोणते आणि मजुराचे कोणते, हे रांगेत कळू नये, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

आपल्या देशात ही चळवळ १९०९ साली आली, परंतु आरंभी हिंदी मुलांना तिच्यात प्रवेश नव्हता. १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासेत हिंदी मुलांची स्वतंत्र स्काउट संघटना काढली आणि गोऱ्या मुलांच्या हॅटऐवजी आपल्या मुलांच्या डोक्यावर फेटा चढविला. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीचे स्काउट उभे केले. स्वातंत्र्यानंतर हे निरनिराळे प्रवाह एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. तिचा पहिला राष्ट्रीय मेळावा १९५३ साली हैदराबादला भरला. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पुढे खाकी जाऊन राखी सदरा आणि गडद निळी विजार आली. आणि आमच्या नांदेडचे म्हणाल तर इथे सचखंड गुरुद्वारा आहे. शीख मुले पथकात येतात ती पगडी बांधून येतात, त्यांना टोपी घाल म्हणून कुणी म्हणत नाही. नियमातच तशी सोय आहे. सांगायचे ते हे, की आजवर गणवेश मुलाच्या मापाने बदलत आला आहे. कधी फेटा आला, कधी पगडी राहिली, कधी रंग बदलला.

मग आमच्याच हातून चूक कशी झाली, ते ऐका. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या पथकाला मदत करायला जात असे, त्यात सातवीतला एक मुलगा होता. दोरीच्या गाठी त्याच्यासारख्या कुणाला येत नसत. डोळे मिटून तो चारही गाठी मारी. दिवाळीनंतर तो येईनासा झाला. आम्ही वहीत नावापुढे फुली मारली आणि पुढे गेलो. चार महिन्यांनी मोंढ्यात त्याच्या वडिलांची गाठ पडली. ते तिथे हमाली करतात. पोर का येत नाही म्हणून विचारले, तर पाठीवरचे पोते खाली ठेवून म्हणाले, "सर, ड्रेस नाही तर लायनीत मागं उभं करतेत म्हणलं पोरगं. मग मीच म्हणलं, नको जाऊ."

त्याला मागे उभे करणारे आम्हीच होतो. तपासणीच्या दिवशी रांग नीटस दिसावी म्हणून पुऱ्या गणवेशातली मुले पुढे आणि बाकीची मागे, अशी आमची पद्धत होती. तिच्यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते.

पुढच्या शनिवारी मी ही हकीगत सांगितली. गाइड कॅप्टन बाई म्हणाल्या, "बघा, म्हणून म्हणते, काढून टाका तो गणवेश." मोठे सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी आमच्या गावातला शाळेत जाणारा आमच्या वस्तीतला दुसरा मुलगा. स्काउटचे खाकी कपडे अंगात घालून पहिल्यांदा तालुक्याच्या मेळाव्याला गेलो, तेव्हा पंगतीत मला कुणी जात विचारली नाही. त्या कपड्याला तुम्ही 'काय घेऊन बसलात' म्हणू नका."

यावर कोण काय बोलणार? त्या दिवशी प्रथमच आमच्या वादाचा निकाल लागला. गणवेश राहावा आणि पुरा राहावा, पण तो मिळवून देणे हे पथकाचे काम, मुलाच्या बापाचे नव्हे. आम्ही एक पत्र्याची पेटी केली. मोठी झालेली मुले आपले सदरे-विजारी धुऊन त्या पेटीत ठेवतात. वजिराबादेतला एक शिंपी बटणे लावून, उसवलेले शिवून देतो. स्कार्फ मात्र सर्वांना पहिल्याच दिवशी पथकाकडून मिळतो. त्याला खर्च फारसा नाही. चौकोनी कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके कापले की दोन स्कार्फ होतात. पेटीतून कुणी काय नेले याची नोंद फक्त एका मास्तरांकडे असते. आणि रांग आता उंचीप्रमाणे लागते.

स्कार्फवर माझा एवढा भर का, त्याला एक कारण आहे. माझे बालपण लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. १९९३ साली मी आठवीत होतो आणि शाळेच्या स्काउट पथकात होतो. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीचे संचलन होते, म्हणून तांब्यात निखारे घालून मी गणवेशाला इस्त्री केली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला थोडा वेळ असताना, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आमच्याकडची घरे. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमचे गाव किल्लारीपासून दूर, त्यामुळे थोडक्यात बचावले. पण शेजारच्या काकांचा हात दंडापाशी मोडला होता. मी कंदील धरून उभा होतो. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजीने आपल्या लुगड्याचा काठ फाडला, त्यांचा हात छातीशी धरून गळ्यात झोळी बांधली, आणि मग त्यांना औशाला नेले.

माझा स्कार्फ तेव्हा पडवीतल्या वळणीवर लोंबत होता, चार हातांवर. तीन कोनांचे ते कापड मोडलेला हात बांधण्यासाठीच त्या आकाराचे असते, हे मला ठाऊक नव्हते. मी ते गळ्यात सफाईने बांधायला शिकलो होतो. सोडायला कुणी शिकविले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. म्हणून आता दर शनिवारी आमच्या पथकात एकाने तरी स्कार्फ सोडून दुसऱ्याच्या हाताला झोळी, डोक्याला किंवा गुडघ्याला पट्टी बांधून दाखवायची, मगच पांगायचे. दोन काठ्या आणि दोन सदरे यांचा स्ट्रेचर करायचा. सर्पदंश झाला तर आवळून दोरी बांधायची नाही, जखम कापायची नाही, दंश झालेला अवयव हालू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना गाठायचा, हेही पाठ करून घेतो.

आता नदीकडे वळू. पाण्याच्या बाबतीत स्काउटांना फार लवकर धडा मिळाला. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातले स्काउट बोटीने शिबिराला निघाले होते. लेजडाउनजवळ एकाएकी वारा उठला, बोट उलटली. आठ स्काउट आणि त्यांच्याबरोबरचा एक मुलगा, असे नऊजण बुडाले. त्यांच्याबरोबर मोठी माणसे होती, किनाराही काही फार दूर नव्हता. पाण्याचे सारे नियम अशाच दुःखातून आले आहेत, कुणा भित्र्या माणसाने खोलीत बसून ते लिहिलेले नाहीत.

आमची गोदावरी दिसायला शांत, पण तिच्या पात्रात वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालता चालता पाऊल एकदम खोल जाते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की खालचे पाणी बघता बघता वाढते. तीन वर्षांपूर्वी आम्ही बत्तीस मुलांना घेऊन नदीकाठी गेलो होतो. नियम असा, की पाण्यात उतरताना जोड्या लावायच्या. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. दर दहा मिनिटांनी शिट्टी होत होती. तिसऱ्या शिट्टीला पंधरा जोड्यांचे हात वर आले, आणि एक हात एकटाच.

पुढची वीस मिनिटे मी जन्मात विसरणार नाही. मुलांना बाहेर काढून वाळूवर बसविले. आम्ही पाच मोठी माणसे दोर धरून, हातात हात गुंफून छातीइतक्या पाण्यात पायांनी तळ चाचपत होतो. मोठे सर काठावर उभे राहून नाव घेऊन हाका मारीत होते. मुलगा सापडला तो टेंपोत, टरपालाखाली गाढ झोपलेला. थंडी वाजली म्हणून तो न सांगता गेला होता. मोठे सर तिथेच वाळूत बसले, आणि त्यांना उठवायला दोघे लागले.

त्या शनिवारी निम्मे म्हणाले, नदी बंद करा. मी म्हटले, आपण बंद केली म्हणून नांदेडची मुले नदीवर जायची थोडीच थांबणार आहेत? ती जातातच, फक्त शिट्टीवाचून जातात. शेवटी ठरले ते असे. आधी तरण तलावात पोहणे शिकवायचे, मग नदी. ज्या जागी उतरायचे ती सकाळी मोठ्यांनी स्वतः उतरून चाचपायची आणि खुंट्या-दोरीने हद्द आखायची. पावसाळ्यात पात्रात जायचे नाही. काठावर दोर घेऊन पोहणारा माणूस कोरडा उभा राहील, आणि त्याच्या हातात मोबाइल असणार नाही. जोडीदाराला सांगितल्याशिवाय कुणी हलायचे नाही. चुलीपाशी वाळूची बादली, उन्हाळ्यात दुपारी अकरानंतर कवायत नाही.

आणि आणखी एक नियम, ज्याबद्दल बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. शिबिरात कोणताही मोठा माणूस बंद दाराआड एकट्या मुलाबरोबर राहणार नाही. नेहमी दोन मोठी माणसे असतील, आणि मुली असतील तर त्यांत बाई असतीलच. २०१२ साली मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा झाला. तेव्हा काहींना वाटले, हा आमच्यावर अविश्वास आहे. मी म्हणतो, बँकेत रोकड दोघांनी मोजली तर कॅशियरचा अपमान होत नाही. आणि मूल तर रोकडीहून मोलाचे.

श्रोतेहो, एक गोष्ट मला अजून टोचते. बत्तिसांत एक कमी भरला, तेव्हा आम्ही सारे पाण्यात उतरलो. मोंढ्यातल्या हमालाचा मुलगा कमी झाला, तेव्हा आम्ही वहीत फुली मारली. कमी तर दोन्ही वेळा एकच मूल झाले होते.

तुमच्या गावच्या शाळेत पथक असेल, तर एकदा जाऊन बघा. पाण्यावर किती मोठी माणसे येतात, दोर आहे का, मोजणी कोण करतो, हे मास्तरांना खुशाल विचारा. चांगला मास्तर रागावणार नाही. घरात तोकडा झालेला गणवेश असेल तर धुऊन द्या. आणि आपले मूल कवायतीला जाईनासे झाले, तर कारण त्याच्याकडूनच काढून घ्या.

तो गाठी मारणारा मुलगा काही परत आला नाही. दोनदा घरी गेलो, तो हसला आणि "बघू सर" म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ मात्र यंदा पथकात आला आहे. त्याच्या अंगातला सदरा पेटीतला आहे. तो आधी कुणाचा होता हे त्याला ठाऊक नाही, आणि पथकात कुणी विचारीतही नाही.