सेल मारला की चीं-चीं

परवा आईला दवाखान्यात न्यायचं होतं, हिमायतनगरहून भोकरमार्गे नांदेडला. सेल मारला अन् बोनेटखालून चीं-चीं! शेजारी म्हणाले, बेल्टला साबण लाव. नका लावू राव, आवाज दबतो, दुखणं तसंच राहतं.

मिस्त्रीनं चालू इंजिनवर, हात लांब ठेवून, बाटलीतून बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी उडवलं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी असू शकते. वाढला तर बेल्ट ढिला. फरकच पडला नाही तर बेअरिंग बघायचं. आमचा वाढला. इंजिन बंद करून पाहिलं, तर बेल्टला भेगा! वाटेत तुटला असता तर चार्जिंग बंद, अन् बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही. नवा टाकला, ताण बसवला. दहाच्या नंबराला बारा वाजले, पण पोचलो.